नाशिकच्या टोमॅटोचा झणझणीत बार्बेक्यू सॉस: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

बार्बेक्यू सॉसच्या बहुतेक झटपट कृती ‘दोन वाट्या टोमॅटो केचप घ्या’ इथूनच सुरू होतात. नाशकात राहून असं करणं मला पटत नाही. पावसाळा सरता सरता पिंपळगाव बसवंत आणि गिरणाऱ्याच्या बाजारात टोमॅटोच्या जाळ्यांचे ढीग लागतात. तरीही आपण बाटलीतला साखर घातलेला गर विकत आणून त्यात वर आणखी गूळ घालायचा? ताज्या टोमॅटोचा सॉस करायला अडीच तास लागतात हे खरं, पण त्यातला बराचसा वेळ पातेलं मंद आचेवर असतं आणि आपलं काम फक्त लक्ष ठेवण्याचं. शिवाय तिखट किती, गोड किती, हे सगळं आपल्या हातात राहतं.

हा सॉस मूळचा अमेरिकेतला, आणि तिथेही तो एकच नाही. नॉर्थ कॅरोलायनाच्या पूर्व भागात तो पातळ असतो. व्हिनेगर आणि मिरची, टोमॅटो जवळपास नाहीच. साऊथ कॅरोलायनात मोहरीचा पिवळा सॉस चालतो. अलाबामाच्या उत्तरेला मेयोनेजचा पांढरा सॉस करतात. आपल्याकडे हॉटेलात किंवा बाटलीत जो मिळतो तो कॅन्सस सिटीच्या वळणाचा: टोमॅटोचा, दाट, काळपट लाल, मोलॅसिसने गोड केलेला. इथे दिलेली कृती त्याच वळणाची आहे, पण तिखट आपल्या जिभेला पटेल असं.

बाजारात काय बघायचं

टोमॅटो पूर्ण लाल आणि बोटाने दाबला तर किंचित दबणारा हवा. लांबच्या वाहतुकीसाठी काढलेले कडक, फिकट गुलाबी टोमॅटो सॉसला निरुपयोगी. त्यांना रंगही येत नाही आणि चवही. तसेच मिळाले तर टोपलीत पसरून दोन-तीन दिवस घराच्या कोपऱ्यात राहू द्या, फ्रिजमध्ये ठेवू नका. बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारात जात असाल तर भाजीवाल्या मावशींना सरळ सांगा, “मावशी, सॉस करायचाय, पिकलेले द्या, पण फुटलेले नकोत.” असे टोमॅटो दुसऱ्या दिवशी विकले जात नाहीत, त्यामुळे त्या ते बाजूला काढूनही देतात आणि कमी भावातही देतात. आंबी धरलेला किंवा बुरशी आलेला एकही टोमॅटो मात्र घेऊ नका. तेवढा भाग कापून उरलेला वापरण्याची काटकसर इथे नको.

कांदा उन्हाळ घ्या. खरिपातल्या लाल कांद्यात पाणी जास्त असतं, तो परतायला वेळ घेतो. उन्हाळ कांदा लवकर तांबूस होतो आणि त्याची गोडी सॉसमध्ये उतरते.

मिरची दोन प्रकारची लागते. रंगासाठी बेडगी, जाळासाठी लवंगी. लवंगी नसेल तर नंदुरबारकडून येणारी तिखट सुकी मिरची घ्या. घरातलं तिखट चमच्याने घालून काम भागेल असं वाटतं, पण पुडीचा कच्चा वास सॉसमध्ये शेवटपर्यंत राहतो. भिजवून वाटलेल्या मिरचीचा सॉस वेगळाच लागतो. पहिल्यांदा करताना ही एक गोष्ट तरी सोडू नका.

मोलॅसिसच्या जागी आपल्याकडे काकवी आहे. मोलॅसिस म्हणजे साखरेचे दाणे काढून घेतल्यावर उरलेला कडवट पाक, आणि काकवी म्हणजे गूळ जमण्याआधीचा आटवलेला उसाचा रस. त्यामुळे काकवी अधिक गोड आणि कमी कडू असते. ती कसर भरून काढायला मी काकवीच्या जोडीला गडद रंगाचा गूळ घेतो आणि शेवटी अर्धा चमचा इन्स्टंट कॉफी घालतो. कॉफीची चव कळत नाही, कडवटपणाची एक बारीक रेघ येते. साखर कारखान्याची मळी कुठून मिळाली तरी ती वापरू नका. ती खाण्यासाठी शुद्ध केलेली नसते.

पाऊण लीटर सॉससाठी साहित्य

पिकलेले टोमॅटो २ किलो
उन्हाळ कांदे २ मध्यम
लसूण १ मोठा गड्डा
सुक्या बेडगी मिरच्या १५
लवंगी मिरच्या ८ (सवय नसेल तर ४)
गडद गूळ १०० ग्रॅम
काकवी अर्धी वाटी
चिंच लिंबाएवढी
व्हिनेगर १५० मिली
मोहरीची पूड २ चमचे
मिरे १ चमचा, जिरे १ चमचा, लवंगा ३, दालचिनीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा
शेंगदाणा तेल ३ मोठे चमचे
मीठ २ चमचे, इन्स्टंट कॉफी अर्धा चमचा
धुरासाठी लाकडी कोळशाचा एक तुकडा आणि चमचाभर तूप

परदेशी कृतींमध्ये वूस्टरशायर सॉस असतो. त्याच्या मूळ कृतीत चिंचही असते आणि अँचोव्ही नावाची मासळीही. चिंच आपण थेट घालतोच आहोत, म्हणून मी तो वगळला आहे. घालायचाच असेल आणि घर शाकाहारी असेल, तर बाटलीवरचं हिरवं चिन्ह आधी बघा.

भांडं जाड बुडाचं स्टीलचंच हवं. चिंच, टोमॅटो, व्हिनेगर हे सगळं आंबट. अॅल्युमिनियमच्या पातेल्यात आणि कल्हई नसलेल्या पितळेत ते तासभर शिजवायचं नसतं. लोखंडी कढईत सॉस काळा पडतो आणि धातूची चव धरतो. पातेलं रुंद असलं की पाणी लवकर आटतं. नवीनच घ्यायचं असेल तर भांडी बाजारात बुडाला बोट वाजवून, वजन हातात घेऊन निवडा. बाकी एक पुरणयंत्र, मिक्सर आणि लांब दांड्याचा चमचा एवढं पुरे.

मिरची आणि मोहरीची तयारी

मिरच्यांची देठं काढा. बेडगीच्या बिया झाडून टाका, लवंगीच्या राहू द्या. जाळ मुख्यतः मिरचीच्या आतल्या पांढऱ्या शिरांमध्ये असतो, बियांमध्ये नव्हे; बिया काढायच्या त्या सॉस कचकचू नये म्हणून. खिडकी उघडी ठेवून तवा मंद तापवा आणि मिरच्या मिनिट-दोन मिनिटं परता. त्या फुगून वास सुटला की लगेच उतरवा. काळा डाग पडला की कडूपणा आलाच, आणि तो गुळाने झाकला जात नाही. आता कढत पाण्यात अर्धा तास भिजवून लसणासोबत गंधासारख्या बारीक वाटा. वाटताना भिजवलेलं पाणीच थोडं थोडं घाला. हाताला तेल लावून काम केलंत तर नंतर बोटं चुरचुरणार नाहीत. डोळ्यांना मात्र हात लावू नका.

मिरे, जिरे, लवंगा आणि दालचिनी कोरडंच भाजून पूड करून ठेवा. चिंच कोमट पाण्यात भिजवून कोळ काढा. गूळ पाव वाटी पाण्यात विरघळवून गाळून घ्या, कारण त्यात बारीक कचरा असतोच.

मोहरीची पूड थोड्या गार पाण्यात कालवून लोणच्यासाठी फेसतो तशी फेसायची, नाकाला झणका लागेपर्यंत. मोहरीचा हा झणका गार पाण्यातच सुटतो, गरम पाण्यात उमलत नाही. फेसून झाली की तिच्यावर दोन चमचे व्हिनेगर घालून ठेवा, म्हणजे तो टिकतो.

टोमॅटो: कापला की लगेच आचेवर

दोन किलोंपैकी अर्धा किलो टोमॅटो अख्खेच गॅसच्या ज्योतीवर भाजा, भरताचं वांगं भाजतो तसे, साल काळी पडून फुटेपर्यंत. धुराची पहिली चव इथेच येते. काळी साल बोटांनी ओढून काढा, पण धुऊ नका.

उरलेल्या दीड किलोकडे नीट लक्ष द्या. टोमॅटो कापला की त्यातली काही विकरं (एन्झाइम) कामाला लागतात आणि गराला दाटपणा देणारं पेक्टिन तोडायला लागतात. अशा टोमॅटोचा सॉस कितीही आटवला तरी बशीत घेतल्यावर कडेने पाणी सुटतं. ही विकरं चांगल्या कडक आचेला, ८५ अंशांच्या वर, निकामी होतात. म्हणून सगळे टोमॅटो आधी कापून ताटात मांडून ठेवायचे नाहीत. पातेलं तापत ठेवा, चार-पाच टोमॅटोंचे तुकडे करा, आत टाका, चमच्याने दाबून उकळी आणा, मग पुढचे कापा. असं करत सगळे घाला, झाकण ठेवून मोठ्या आचेवर दहा-बारा मिनिटं शिजवा. भाजलेलेही यातच टाका.

कोमट झाल्यावर पुरणयंत्रातून फिरवा. सालं आणि बिया वर राहतील, गर खाली उतरेल. मिक्सरमध्ये फिरवून गाळलं तरी चालतं, पण बिया भरडल्या गेल्या तर गराला कडवट झाक येते. पुरणयंत्राचं काम जास्त स्वच्छ.

आता खरा सॉस

पातेल्यात तेल तापवून बारीक चिरलेला कांदा मध्यम आचेवर परता. पंधरा मिनिटं तरी द्या. गुलाबी झाला म्हणून थांबायचं नाही, तांबूस व्हायला हवा. मग वाटलेली मिरची घाला आणि तेल सुटेपर्यंत चार-पाच मिनिटं परता. मिसळीच्या तर्रीत जे घडतं तेच इथे घडतं: मिरचीचा जाळ आणि रंग दोन्ही तेलात उतरतात, पाण्यात फारसे उतरत नाहीत. ही पायरी घाईने उरकली तर सॉस जिभेच्या टोकाला चावतो आणि तिथेच संपतो. नीट परतलेल्या मिरचीचा तिखटपणा उशिरा येतो, घशापर्यंत पसरतो आणि रेंगाळतो.

मसाल्याची पूड अर्धं मिनिट परतून टोमॅटोचा गर आणि मीठ घाला. आता मध्यमपेक्षा कमी आचेवर चाळीस-पन्नास मिनिटं आटवायचं आहे. गूळ आणि काकवी अजून घालायची नाही. गोड घातल्यावर सॉस बुडाला धरतो आणि करपतो, म्हणून पाणी आधी आटवून घ्यायचं.

आटणं डोळ्यांनी आणि कानांनी कळतं. सुरुवातीला बुडबुडे लहान, भराभर येणारे, कडेला फेस धरणारे असतात आणि आवाज पाण्याच्या उकळीचा असतो. मग फेस विरतो, लाल रंग विटकरी होतो. पुढे बुडबुड्यांची गर्दी ओसरते. एकेक जाड बुडबुडा सावकाश वर येतो, ‘फद्’ करून फुटतो, आणि फुटलेल्या जागी क्षणभर खळगा राहतो. चमचा तळाशी ओढला की पातेल्याचं बूड दिसतं आणि सॉस हळूहळू परत मिळून येतो. इथे आच कमी करा. या अवस्थेत शिंतोडे हातावर उडतात आणि चांगले भाजतात, म्हणून झाकण तिरपं ठेवा आणि ढवळताना लांब दांड्याचा चमचाच वापरा.

आता गुळाचं पाणी, काकवी, चिंचेचा कोळ आणि निम्मं व्हिनेगर घाला. अगदी मंद आचेवर वीस मिनिटं, दर दोन मिनिटांनी तळापासून ढवळत. उरलेलं व्हिनेगर शेवटच्या पाच मिनिटांत. सगळं आधी घातलं तर त्याचा टोकदार आंबटपणा वाफेबरोबर निघून जातो, आणि सगळं शेवटी घातलं तर ते सॉसमध्ये मुरत नाही, वेगळं लागतं. कॉफी घाला, गॅस बंद करा, आणि सॉस थोडा निवल्यावर फेसलेली मोहरी मिसळा. मोहरी उकळली तर तिचा झणका उडून जातो.

दाटपणा तपासायला बशी आधीच फ्रिजमध्ये ठेवा. गार बशीवर चमचाभर सॉस घेऊन मधून बोट फिरवा. रेघ तशीच राहिली आणि कडेला पाणी दिसलं नाही, तर झालं. पातेल्यात तो थोडा सैल वाटला तरी घाबरू नका. निवल्यावर दाट होतो.

कोमट असताना मिक्सरमधून गुळगुळीत फिरवा. कढत सॉस मिक्सरमध्ये घालून झाकण घट्ट लावू नका, वाफेने ते उडतं. भांडं अर्धंच भरा.

धूर

गुळगुळीत झालेला सॉस परत पातेल्यात घ्या. कोळशाचा तुकडा गॅसवर लाल, राखेची पांढरी झाक येईपर्यंत पेटवा. सॉसवर स्टीलची लहान वाटी तरंगती ठेवा, त्यात निखारा, निखाऱ्यावर तूप, आणि क्षणात झाकण. पाच मिनिटं पुरे. दहा मिनिटं ठेवलात तर राखेची चव येते. कोळसा लाकडीच हवा. दगडी कोळसा किंवा रॉकेल लावून पेटवलेला निखारा अन्नाजवळ आणायचा नाही. खिडक्या उघड्या ठेवा. विकतचा लिक्विड स्मोक (बाटलीतला धुराचा अर्क) हाही चालतो, पण दोन-तीन थेंबांच्या पुढे जाऊ नका.

चव जुळवताना

कढत सॉस चाखून निर्णय घेऊ नका. बशीत काढून कोमट होऊ द्या, आणि नुसता चाखण्यापेक्षा भाकरीच्या किंवा भाजलेल्या बटाट्याच्या तुकड्याला लावून खा. सॉस कधी नुसता खाल्ला जात नाही, त्यामुळे तो थोडा जास्तच ठसठशीत हवा. फार आंबट वाटला तर आधी चिमूटभर मीठ घालून बघा, मग गूळ. गोडमिट्ट झाला तर लिंबू नको, व्हिनेगर घाला. जास्त तिखट झाला तर पाणी घालू नका, त्याने तिखटपणा नुसता पसरतो; वाटीभर टोमॅटोचा गर वेगळा आटवून मिसळा. तेही नको असेल तर सॉस तसाच ठेवा आणि वाढताना चक्का किंवा घट्ट दह्यासोबत द्या, दुधातलं प्रथिन मिरचीचा जाळ धरून नेतं.

मसाले आणि मिरची एकमेकांत मुरायला रात्र जावी लागते. पाहुणे रविवारी येणार असतील तर सॉस शनिवारी करा.

बाटलीत भरणं

काचेच्या बाटल्या आणि झाकणं पाण्यात दहा मिनिटं उकळून स्वच्छ फडक्यावर उलट्या सुकवा. सॉस पुन्हा एकदा उकळी आणून (मोहरीचा थोडा झणका इथे जातो, तो जाऊ द्या) गरम असतानाच भरा, वर बोटभर जागा सोडा. बाटली थंड ओट्यावर न ठेवता लाकडी पाटावर ठेवा, नाहीतर तडकते. निवली की थेट फ्रिजमध्ये. कोरडा चमचा वापरला तर तीन-चार आठवडे सहज टिकतो.

व्हिनेगर आणि चिंचेमुळे सॉस चांगला आंबट असतो आणि आंबटपणामुळेच तो टिकतो. म्हणून चव सौम्य करायला व्हिनेगर निम्म्यावर आणलंत, तर तो आठवड्याभरात संपवा. यात लसूण आणि कांदा आहे. फडताळात लोणच्यासारखा वर्षभर ठेवायचा हा पदार्थ नाही. वास बदलला, बुडबुडे दिसले, झाकण फुगलं, तर चाखून बघायच्या भानगडीत न पडता टाकून द्या.

लावायचा कधी

शेगडीवरचे निम्मे सॉस इथे वाया जातात. गूळ-काकवीचा सॉस निखाऱ्यावर काही मिनिटांत करपतो. चिकन, पनीर, रताळं, कणीस, जे काही असेल ते आधी मीठ, तेल, लिंबू लावून जवळपास पूर्ण भाजून घ्या. शेवटच्या आठ-दहा मिनिटांत निखारे थोडे बाजूला सारून ब्रशने पातळ हात फिरवा, उलटा, चकाकी आली की दुसरा हात. जाड थर एकदाच लावला तर वरून काळा आणि आतून ओला राहतो. चिकनच्या सर्वांत जाड भागाचं आतलं तापमान ७४ अंश व्हायला हवं. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर जरूर वापरा.

लागेल तेवढा सॉस आधीच वेगळ्या वाटीत काढा. कच्च्या मांसाला लागलेला ब्रश बाटलीत बुडवायचा नाही, आणि वाटीत उरलेला सॉस परत बाटलीत ओतायचा नाही.

कणसासाठी या सॉसमध्ये थोडं लोणी मिसळा. पनीरला आधी मीठ लावून अर्धा तास ठेवा आणि पुसून घ्या, मगच सॉस धरतो. रताळी मात्र उकडून घ्यावी लागतात, कच्ची नुसती निखाऱ्यावर वेळेत होत नाहीत. आणि जानेवारी ते एप्रिल, द्राक्षांचा हंगाम असताना, काकवीऐवजी काळ्या द्राक्षांचा अर्धा लीटर गाळलेला रस अर्ध्या वाटीपर्यंत आटवून घाला. त्या सॉसला गूळ थोडा कमी लागतो आणि व्हिनेगर चमचाभर जास्त.